केशरबाईचं मूळ

१

शिकवणं सोडून बाकी सगळं करायचं, याला हल्ली मास्तरकी म्हणतात. साखऱ्याच्या शाळेत गणित शिकवणारा रत्नपाल गेली काही वर्षं तेच करत होता. पोरांची हजेरी मोबाईलवर भर, खिचडी किती जणांनी खाल्ली ते भर, काल भरलेलं पोचलंच नाही म्हणून आज पुन्हा भर. त्यात एप्रिलचं ऊन, त्यात सकाळची शाळा, आणि त्यात कुठलीशी समिती पाहणीला येणार म्हणून मुख्याध्यापकांचं फर्मान निघालेलं, की प्रत्येक विषयाचा एक कोपरा सजला पाहिजे. इतिहासवाल्यांनी किल्ला केला, विज्ञानवाल्यांनी ज्वालामुखी. रत्नपालच्या अंगात पुठ्ठे कापायचं त्राण नव्हतं. त्यानं व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवलेला जुना काळा फळा ओल्या फडक्यानं पुसला, वर मथळा लिहिला, 'मूळ संख्या', आणि खाली एकच आकडा मांडला, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७.

गणिताच्या मास्तरांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला होता तो. रत्नपालला आवडला म्हणून जपून ठेवलेला. मास्तरकीत आवडण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.

"मूळ संख्या म्हणजे कोणती रे?" त्यानं सातवीच्या पोरांना विचारलं.

"जिला एकानं आणि तिनं स्वतःनंच भाग जातो, ती," पोरांनी एका सुरात पाठांतर म्हणून दाखवलं.

"म्हणजे जी कुणात वाटता येत नाही, ती. आता हिची गंमत ऐका." आणि त्यानं सांगितलं. डावीकडचा पहिला आकडा खुडा, उरते तीही मूळ संख्या. आणखी एक खुडा, तरी मूळ. असे एकेक खुडत गेलात की शेवटी एकटा सात राहतो, तोही मूळच. उलटं मात्र जमत नाही. हिच्या डाव्या अंगाला दुसरा कुठलाही आकडा आणून लावा, ती बिघडते. या जातीतली ही सगळ्यात थोरली, हिच्यापुढं कुणी नाही.

पोरांना त्यात काडीची गंमत वाटली नाही. जळबा शिपाई मात्र झाडू टेकवून बघत राहिला.

"सर, येवढा लांब नंबर कुणाचा हाय?"

"कुणाचाच न्हाई, जळबा. लावून बघ, लागत न्हाई."

"आन् ह्या टोकाकडून खाल्ला तरी जित्ताच राहतो म्हणता?"

"शेवटच्या आकड्यापर्यंत."

"लईच चिवट की मग," जळबा म्हणाला आणि पुन्हा झाडायला लागला.

२

घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. घरात माणसं चार. रत्नपाल, त्याची बायको दीक्षा, चौथीतली लेक ऐश्वर्या आणि म्हातारी माय केशरबाई. दीक्षा शेजारच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, आणि संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्यात बोलण्याइतकाही जीव उरलेला नसायचा. केशरबाईचा नवरा पोरगं रांगत असतानाच गेला होता. लोकांचा कापूस वेचून, लोकांची हळद काढून तिनं एकटीनं रत्नपालला शिकवलं. रत्नपालचा तिच्यावर जीव होता, आणि तो जीव कधी बोलून दाखवायला त्याला फुरसत मिळाली नव्हती.

त्या दिवशी ऐश्वर्यानं दप्तर टाकलं आणि आजीला वर्दी दिली, "आजी, पप्पांनी आज भिंतीवर लई मोठं मूळ लिहिलंय!"

केशरबाई सुपात तूर निवडत होती. तिचा हात थांबला. "कुणाचं मूळ?"

आता हा शब्दच असा, की शाळेत त्याचा अर्थ एक आणि म्हातारीच्या कानात दुसरा. सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला जो येतो, त्याला आपल्याकडं मूळ म्हणतात. मूळ धाडायचं, मुळाची वाट बघायची, मुळासोबत जायचं. केशरबाईचं माहेर आखाडा बाळापूर. तिचा भाऊ भीमराज दर उन्हाळ्यात मूळ होऊन यायचा. एसटीत बसलं की त्याला उलट्या व्हायच्या, म्हणून कळमनुरी, हिंगोली, सेनगाव असे मुक्काम करत पायी यायचा, खांद्यावर छत्री अडकवून. तो मरूनही आता वर्षं लोटली होती. रत्नपालनं स्वतः खांदा दिला होता.

"रतन, कुणाचं मूळ आलं रे?" तिनं पोराला विचारलं.

रत्नपाल सदरा काढून पंख्याखाली पडला होता. पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता. मूळ संख्या म्हणजे काय ते आणखी एकदा समजावून सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

"तुझंच हाय माय," तो डोळे न उघडता म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं येणार? लाग तयारीला."

ऐश्वर्या खिदळली. त्या दिवशी सुट्टीवर असलेली दीक्षाही स्वयंपाकघरातून हसली. केशरबाई हसली नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं, इसरला." आणि पुन्हा तूर निवडायला लागली.

३

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा पहिला तीन नव्हता.

त्यात विशेष ते काय? खडूचं लिखाण, पोरांचा व्हरांडा, कुणाची पाठ घासली असेल. रत्नपालनं तीन पुन्हा लिहिला. त्याच्या पुढच्या दिवशी तीन आणि पाच दोन्ही गेले. त्यानं दोन्ही लिहिले. मग तिघं गेले. पोरांना रांगेत उभं करून त्यानं विचारलं, "कुणाची कारागिरी हाय ही?" पोरं एकमेकांकडं बघत राहिली. लबाड पोराचा चेहरा मास्तराला कळतो. त्या चेहऱ्यांत एकही लबाड नव्हता, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

रागाच्या भरात एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली होती. ती घरी जाताना रस्त्यात आठवली. खडू पुसला की फराटा राहतो. तिथं फराटा नव्हता.

घरी केशरबाई दारात बसली होती, रस्त्याकडं तोंड करून. एरवी ती तिथं बसत नसे, ऊन लागतं म्हणून कुरकुर करायची.

"निघाला बघ भीमराज," ती म्हणाली. "बाळापूरची शिव वलांडली."

"माय, मामा जाऊन किती वर्षं झाली?"

"मला काय ठावं न्हाई? मी रडले न्हाई व्हय तवा?" ती सरळ म्हणाली. "गेलेला माणूस मूळ येत न्हाई, असं कुणी सांगितलं तुला?"

रत्नपाल आत गेला आणि माठातलं दोन तांबे पाणी प्यायला. म्हातारपण म्हणजे दुसरं बाळपण, असं म्हणतात, ते त्यानं स्वतःला सांगून बघितलं. पटलंही थोडं.

४

जळबाकडं फाटकाला लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट होता. रत्नपालनं तो मागून घेतला आणि अख्खा आकडा रंगानं काढला, पहिल्या तीनपासून शेवटच्या सातपर्यंत. पाठ धरली, मान धरली. "आता खा म्हणावं," तो ब्रश पुसत म्हणाला.

सकाळी पहिले चार आकडे नव्हते. जेवढे आधी गेले होते तेवढे, आणि वर एक.

तो फळ्याच्या अगदी जवळ गेला. रंग खरवडलेला नव्हता. रॉकेलनं पुसावा तर वास यायला हवा होता. त्यानं नाक भिंतीला लावलं. जुन्या चुन्याचा वास आला, दुसरा नाही. आकड्यांच्या जागी पूर्वीचा फळा होता, पूर्वीच्याच बारीक भेगेसकट, जणू तिथं ब्रश कधी टेकलाच नव्हता.

"सर, फाटकाला मी सोता कुलूप घालतो," जळबा मागून म्हणाला. "किल्ली करगोट्याला असती माझ्या."

"तुझ्यावर कुठं काय म्हणलं मी?"

"तुमी म्हणत न्हाई. पर मी सांगून ठेवतो." जळबानं त्या दिवसापासून व्हरांड्याचं ते टोक झाडायचं सोडलं.

मधल्या सुट्टीत रत्नपालनं डोकं लढवलं. ऑइलपेंट भेसळीचा असेल. उन्हानं पोपडे धरून पडत असेल. मग पोपडे कुठं गेले? वाऱ्यानं. वारा कुठं होता? पानसुद्धा हलत नव्हतं. बरं, पोपडे पडतात ते बरोबर डावीकडूनच, एकामागे एक, रांग न मोडता? त्यानं मोबाईल काढला, भिंतीवर उरलेला आकडा टाकून बघितला. मूळ संख्या, असं उत्तर आलं. ते येणारच होतं, त्यानंच नव्हतं का पोरांना सांगितलं? तरी त्यानं पुन्हा एकदा टाकून बघितला.

पाहणीची समिती आली नाही. पुढच्या महिन्यात येणार, असं कळलं. किल्ला मोडला, ज्वालामुखी मोडला. भिंतीवरचा आकडा मात्र रोज एकेक पाऊल पुढं सरकत राहिला.

५

"बीपी बराबर हाय," दीक्षा कानातली नळी काढत म्हणाली. "शुगर बराबर हाय. तुमच्यापेक्षा त्यांची तब्येत ठणठणीत."

"मग ती अशी काहून करून राहिली?"

"वय झालंय. मन माहेरी जातंय त्यांचं. आमच्याकडं येणाऱ्या समद्या म्हाताऱ्या असंच बोलतात. तुमी नका मनावर घेऊ." आणि तिनं भिंतीला पाठ टेकली. "मला उद्या दोन गावांत लसीकरण हाय. जरा पडू द्या."

तिचंही खरं होतं. दमलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती ऐकायला जागा नसते.

केशरबाई रोज एक गाव सांगायची. कळमनुरीच्या अलीकडं आला. कळमनुरीत ओळखीच्या घरी पाणी प्यायला. आता हिंगोलीच्या वाटेला लागला. ती हे सांगायची ते भविष्य सांगितल्यासारखं नाही, तर दूध आलं का, पाणी सुटलं का, हे जसं सांगतात तसं. जेवण तिनं अर्ध्या भाकरीवर आणलं होतं. वाटंनं पोट जड नको, असं म्हणायची.

म्हातारी कधी शाळेकडं फिरकली नव्हती. फळ्यावर किती उरलं हे तिला सांगणारंही कुणी नव्हतं. ऐश्वर्यानं सांगितलं असेल म्हणावं, तर चौथीचा वर्ग पलीकडच्या इमारतीत भरायचा आणि पोरीला पहिल्या दिवसानंतर त्या भिंतीत काही रस उरला नव्हता. तरीही रत्नपालला खात्री करायची होती. गणिताचा माणूस तो, पडताळा घेतल्याशिवाय त्याला चैन पडेना. एक दिवस फळ्याकडं न बघताच तो घरी आला.

"कुठवर आला माय?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आज न्हाई चालला. ऊन लई. हिंगोलीत टेशनाच्या सावलीला पडलाय."

रत्नपाल तसाच उलट पावली शाळेत गेला. फळ्यावर कालचेच आकडे होते, एकही कमी नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या शिवारात कुणाची तरी हळद शिजत होती, तिचा उग्र वास येत होता. रत्नपाल तिथं किती वेळ उभा होता ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याची पाचावर धारण बसली होती, आणि ती कुणाला सांगावी असं माणूस गावात नव्हतं.

६

अखेर त्यानं मायलाच धरलं. दुपारची वेळ, दीक्षा ड्युटीवर, ऐश्वर्या झोपलेली. केशरबाई आपली नवी पांढरी साडी घडी घालून एका फडक्यात बांधत होती.

"माय, आपण असलं मानत न्हाई. तूच शिकवलंस मला. भूतखेत, करणी, काही नसतंय."

"मी कुठं भूत म्हणले?" केशरबाई चिडली. "मूळ म्हणले. मूळ म्हंजे भाऊ असतोय. भावाला कुणी भूत म्हणतं का रे?"

"मग त्याला म्हण, मला यायचं न्हाई. माघारी लाव त्याला."

"मूळ रिकामं माघारी लावत न्हाईत, रतन. येवढं चालून येतंय माणूस. लोकं त्याच्या तोंडावर थुंकतील."

रत्नपाल तिच्यापुढं खाली बसला. किती दिवसांनी बसला होता असा. तिचे हात केवढेसे झाले होते. "जाऊ नको," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पोरासारखा फाटला. "तू गेलीस तर मी कुणाकडं बघून उठू सकाळी? मला न्हाई होत हे सगळं. मी लई थकलोय माय."

केशरबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती रडली नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "तुझं तोंड दिसतंय की मला रोज. पर मी बी थकले रे. तुझ्याहून लई आधीपासून थकले. मला आता जाऊ दे. माझ्या एकलीचंच तर मूळ हाय."

एवढं ऐकून दुसरा कुणी मान खाली घालून, म्हातारीच्या पाया पडून उठला असता. रत्नपालचं तसं झालं नाही. त्याच्या डोक्यात एकच शब्द अडकून बसला. मूळ. मूळ आहे तोवर ते येणार. आणि मूळ मोडता येतं. सातवीतलं पोरगंही मोडू शकेल.

७

तरी त्यानं कळ काढली. आपण खुळ्यासारखं वागतोय, हे त्याला दिसत होतं. भिंतीवर चार आकडे उरले, मग तीन, मग सदतीस. केशरबाई म्हणाली, सेनगाव सोडलं. पुढच्या सकाळी तिनं अंघोळ केली, नवी साडी नेसली आणि पाण्यानं भरलेला तांब्या उंबऱ्यात ठेवला. रविवार होता, शाळा बंद. रत्नपालनं जळबाच्या घरून किल्ली मागून आणली, फाटक उघडलं आणि आत गेला.

फळ्याच्या उजव्या टोकाला एकटा सात उभा होता.

ऊन चढलेलं, पण व्हरांड्यात सावली होती. ऑइलपेंटचा डबा खिडकीत तसाच होता. त्यानं झाकण उचकटलं, ब्रश बुडवला. डाव्या अंगाला काही लावून उपयोग नव्हता, तिकडचं सगळं खाल्लं जात होतं. उजवीकडं लावायचं, साताच्या मागं. कुठलाही सम आकडा चालला असता. दोन, चार, सहा, शून्य. दोनानं भाग गेला की संपलं, मूळ राहिलं नाही.

हाताला आला तो त्यानं काठाला उरलेल्या चिंचोळ्या जागेत काढला. चार.

चाराची वरची दांडी ओढताना त्याला मागं कुणीतरी घसा साफ केल्यासारखं वाटलं. हळू, अदबीनं, जसं परक्या दारात उभं राहून माणूस करतं. रत्नपालनं मान वळवली नाही. त्याच्या बाजूला ऑफिसच्या खिडकीची काच होती, आणि तीत व्हरांड्याचं दुसरं टोक दिसत होतं. तिथं पायरीवर कुणीतरी बसलं होतं, गुडघ्यांवर काहीतरी आडवं धरून. काच मळलेली होती. तोंड दिसलं नाही. त्यानं ब्रश खाली ठेवला, मनात पाच आकडे मोजले आणि गर्रकन वळला.

कुणी नव्हतं. जळबा ते टोक झाडत नव्हता, म्हणून तिथं धुळीचा थर साचला होता. त्या धुळीत दोन पावलं उमटलेली होती, अनवाणी, तोंड फळ्याकडं. आलेल्याची नव्हती, गेलेल्याची नव्हती. नुसती उभी राहून वाचणाऱ्या माणसाची.

तो धावत घरी आला. केशरबाई उंबऱ्यातून उठून आत बाजेवर जाऊन पडली होती.

"थांबला," ती गोंधळून म्हणाली. "गावाच्या शिवंवर येऊन थांबला. काहून थांबला, काय की."

"थांबू दे," रत्नपाल म्हणाला. त्याला हसू आणि रडू बरोबर आलं. त्या दुपारी म्हातारीनं पूर्ण भाकरी खाल्ली. दीक्षानं ते बघितलं आणि नवऱ्याकडं बघून भुवया उंचावल्या, बघा, मी म्हणत नव्हते का? रत्नपाल पंख्याखाली आडवा झाला. कित्येक दिवसांनी त्याला अशी झोप लागली, की ऐश्वर्यानं अंगावर उड्या मारल्या तरी जाग आली नाही.

८

सोमवारी तो शीळ घालत शाळेत गेला. फळ्यावरचा सात गेला होता. चार तेवढा राहिला होता, कालचा, रंग अजून ओलसर असलेला.

रत्नपाल मोठ्यानं हसला. दोन दुणे चार. कसलं आलंय मूळ? सरळ सरळ वाटला जाणारा आकडा.

"सर, काहून हसून राहिले?" जळबानं लांबूनच विचारलं.

"मोडलं जळबा! मूळ मोडलं!"

जळबानं भिंतीकडं बघितलं. "पर सर, खाणारा तर खाऊनच राहिला की. त्यानं कुठं सोडलं?"

रत्नपालचं हसू ओठांवरच राहिलं. त्यानं पुन्हा वर बघितलं. चार. त्याच्याच हाताचं वळण, त्याचाच रंग. आणि मग ते त्याच्या ध्यानात आलं. शाळेची घंटा होत होती, पोरं रांगा लावत होती, तो त्यांच्यामधून वाट काढत घराकडं पळत सुटला.

दार उघडं होतं. केशरबाई जमिनीवर बसून हमसून हमसून रडत होती आणि रडत रडतच गाठोडी बांधत होती. एक तिचं. दुसऱ्यात दीक्षाच्या साड्या. तिसऱ्यात ऐश्वर्याचे फ्रॉक. चौथं तिनं अजून आवळलं नव्हतं, त्यातून रत्नपालच्या सदऱ्याची बाही बाहेर आली होती.

दीक्षा आतल्या खोलीत ऐश्वर्याच्या वेण्या घालत होती. अंगावर नर्सचे कपडे नव्हते, लग्नातली साडी होती.

"ड्युटीला गेली न्हाईस?" रत्नपालनं विचारलं.

"जायचंय ना सगळ्यांला," दीक्षा म्हणाली, नेहमीच्याच दमलेल्या आवाजात. "मामा आलेत म्हणं. ऊन व्हायच्या आत निघू."

"कोण म्हणलं तुला? दीक्षा, इकडं बघ. कोण म्हणलं?"

तिनं रिबीन दातांत धरली होती. नुसती मान हलवून तिनं दाराकडं खूण केली.

"माझ्या एकलीचं व्हतं रे," केशरबाई म्हणाली. "चांगलं एकलीचं मूळ व्हतं. शिवंवर उभा राहून त्यो रातभर इचारत व्हता, किती जण न्यायचे, किती जण न्यायचे. मी म्हणत व्हते, एक. तूच लिहून दिलंस त्याला, रतन. मी किती सांगितलं, त्यो आयकंना. लिहिलंय म्हणतो. मास्तरनं सोता लिहिलंय म्हणतो."

रत्नपाल दार लावायला धावला. बाहेर ओट्यावर, अगदी दाराशी, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. पाठ तेवढी दिसली, आणि मानेवर वाटेची पांढरी धूळ. दार पुढं लोटायला त्याचा हात उचलला गेला, तिथंच राहिला.

"गुरुजी," पाठमोरा माणूस म्हणाला. आवाज वाईट नव्हता. लांबून चालत आलेल्या माणसाचा असतो तसा होता, थकलेला. "तुमचंबी आवरलं का?"

भीमराज मामानं त्याला आयुष्यात कधी गुरुजी म्हटलं नव्हतं. रतन्या म्हणायचा तो. रत्नपाल मास्तर झाला, हे बघायला मामा राहिलाच नव्हता.

हे मायला सांगायला तो वळला, तर केशरबाईनं चौथं गाठोडं आवळलं होतं. दीक्षा उभी राहिली होती. दोन्ही वेण्या घालून तयार झालेली ऐश्वर्या पुढं आली आणि तिनं बापाचं बोट धरलं.

"चला ना पप्पा," ती म्हणाली.